फुकटचे शंभर तास

मुरलीधर खटावकरांना कऱ्हाडात दोन गोष्टींसाठी मान होता. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत एकतीस वर्षं बसून त्यांनी कुणाला चुकीची गाडी सांगितली नव्हती, ही एक. दुसरी म्हणजे, ते दुसऱ्याचं फार छान ऐकून घेत. समोरचा बोलायला लागला की यांची मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले आणि नेमक्या जागी 'हं'. हा 'हं' साधासुधा नव्हता. दुःखाच्या गोष्टीला तो पोटातून यायचा, भांडणाच्या गोष्टीला नाकातून. गोष्ट लांबत चालली तर अधूनमधून एक आखूड 'हं' पडायचा, सांगणाऱ्याचा हुरूप टिकावा म्हणून. छत्तीस वर्षांपूर्वी ते जत तालुक्यात मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या थोरल्या भावाने, अण्णाने, शिक्षण-पगार काही न विचारता पाऊण तास स्वतःच बोलून घेतलं आणि निकाल दिला, "पोरगं हुंकार चांगला देतंय. आमच्या शालनला बोलायला लागतं. जमतंय."

जमलं. शालनताई छत्तीस वर्षं बोलत राहिल्या, मुरलीधरराव हुंकार देत राहिले. दिवसाला दीडशे धरले तरी वीस लाखांच्या आसपास भरतात. एवढ्या हुंकारांवर चाललेल्या संसारात भांडण असं कधी झालंच नाही.

त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते लाइफ कोच व्हायला निघाले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. शेजारचे देसाई फक्त "कबड्डीचे का?" असं विचारून गेले.

त्या दिवसांत सल्ल्याला काही किंमत राहिली नव्हती. नोकरी सोडू का, लग्न मोडू का, जमीन राखू का, काहीही मोबाइलला विचारावं. अडीच सेकंदांत बारा मुद्द्यांचं शहाणपण हजर, तेही मायेच्या आवाजात. लोकांकडे शहाणपण इतकं साठलं की ऐकून घेणारा माणूस मिळेनासा झाला. ज्याचा तुटवडा त्याचा धंदा, हे ओळखून पुण्यात 'सांगाती' नावाची एक कंपनी निघाली. तिचा सगळा डोलारा एका मण्यावर उभा होता.

मण्याची गोष्ट अशी. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात. त्यातलं शेवटचं घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याला धरून ठेवणारा स्नायू म्हणजे अंगातला सगळ्यांत छोटा स्नायू. मोठा आवाज झाला की तो आवळतो आणि आतला कान वाचवतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं कळलं ते असं, की माणूस खरोखर ऐकत असतो तेव्हा हा स्नायू क्षणभरही स्वस्थ नसतो. पुढचा शब्द कुठला येईल याचा मेंदू अंदाज बांधतो आणि त्याप्रमाणे कानाचा पडदा किंचित ताणून, किंचित सैल सोडून ठेवतो. अंदाज चुकला की ताण बदलतो. लक्ष उडालं की हे सगळं थांबतं. आवाज आत येतच राहतो, शब्द कळतात, वेळेवर उत्तरही देता येतं. बंद होतं ते फक्त पुढच्या शब्दाची वाट बघणं.

हरभऱ्याएवढा मणी कानात घालायचा. तो कुणाला ऐकू न येणारा बारीक सूर पडद्यावर सोडतो आणि परत येणाऱ्या सुरावरून ताण मोजतो. वाट बघणं चालू असेल तर मण्यावर हिरवा दिवा. थांबलं की दिवा गेला. समोरच्यालाही तो दिसतो.

'सांगाती'ची अट सोपी होती. शिकाऊ कोचने सहा महिन्यांत शंभर तास लोकांचं फुकट ऐकायचं, दिवा लागलेली मिनिटंच फक्त धरायची. त्यानंतर पन्नास तास निम्म्या दरात, मग पूर्ण दर. आणि पहिला नियम, सल्ला द्यायचा नाही. मुरलीधररावांनी हा नियम वाचला होता. पण एकतीस वर्षं ज्याने लोकांना कुठे जायचं ते सांगितलं, त्याला तो आपल्यासाठी असेल असं वाटलं नाही.

पहिला ग्राहक होता अधिक साळुंखे नावाचा. खानापूर तालुक्यातला, पण बावीस वर्षं कोइमतूरला. त्या भागातली निम्मी गावं सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या लावून देशभर पांगलेली, यात्रेपुरती आणि लग्नापुरती परत येणारी. अधिक मोबाइलच्या पडद्यावर आला तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुंकू लावून.

"काका, एवढंच बघायचंय की गावाकडं परत यावं का. तीन मजली घर बांधलंय तिथं. कुलूप आहे त्याला. आईबाप जुन्या घरातच राहत्यात, नव्यात करमत न्हाई म्हणत्यात..."

मुरलीधररावांना उत्तर सापडलं. त्यांनी मान तिरकी केली आणि पोटातून एक 'हं' सोडला.

"काका, दिवा गेला बघा."

"तू बोल. ऐकतोय मी."

"न्हाई, ऐकताय ओ तुम्ही. पण गेलाय."

तासाच्या शेवटी त्यांनी अधिकला सांगितलं, "परत ये बाबा. घर माणसांसाठी असतं." अधिक म्हणाला, "बरं काका." आपण एका माणसाला मार्गाला लावलं, अशा समाधानात मुरलीधरराव जेवायला बसले, तेवढ्यात तासाचा गोषवारा आला. साठ मिनिटांत दिवा लागला होता नऊ मिनिटं. त्यातला सलग तुकडा, सगळ्यांत मोठा, अकरा सेकंदांचा.

शालनताईंनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

"अकरा? मला वाटलं होतं, चारपाच असतील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अहो, मागे मी मुद्दाम म्हटलं होतं, तांदळात पाल निघाली, तरी शिजवलाय. तुम्ही हं म्हणालात आणि भात मागून घेतलात."

"पाल होती?"

"नव्हती. पण तुम्हाला काय फरक पडला?" असं म्हणून त्यांनी वाटीत आमटी वाढली, आणि हसू येऊ नये म्हणून डबा उघडून त्यात बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

'सांगाती'कडून नवख्यांना शिकवणारी ऋता नावाची मुलगी होती. ती फोनवर म्हणाली, "काका, तुम्हाला उत्तर सापडलं की तुमचा कान बंद होतो."

"सापडलं तर चांगलंच की."

"चांगलंच आहे. पण तो माणूस अजून बोलत असतो ना."

हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. खिडकीत तेच तर झालं होतं. प्रवासी म्हणायचा, "कोळे गावाला जायचंय हो, आजीचं जरा..." आणि हे "चार नंबर, दहा वीस" म्हणून पुढच्या माणसाकडे वळलेले. कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, मागे चाळीस जणांची रांग असायची. पण एकतीस वर्षांत कुणाच्या आजीचं पुढे काय झालं, हे त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं.

मग त्यांनी शिकायला घेतलं. आणखी एक शोध त्यांचा त्यांनाच लागला. दिवा नेमका हुंकाराच्या जागी जायचा. 'हं' म्हटलं की आतून कुणीतरी खिडकीची फळी पाडावी तसं व्हायचं. म्हणून हुंकार बंद. जीभ दातांत धरून बसायचं. अकरा सेकंदांचे चाळीस झाले, चाळीसचे चार मिनिटं. बिचारे फुकटचे ग्राहक यात शिकवणीच्या पाटीसारखे वापरले गेले, पण त्यांची तक्रार नव्हती.

तक्रार नव्हती हेच वाईट होतं. चौथ्या बैठकीला अधिक म्हणाला, "काका, भट्टी विकायला काढली. पुढच्या आठवड्यात कागद होतील."

"का रे?"

"तुम्ही सांगितलं ना, परत ये."

"पण तुला पटलं होतं का ते?"

अधिकने इकडेतिकडे बघितलं. "न्हाई. पैसे दिले असते तर पटतंय का न्हाई ते बघितलं असतं. तुम्ही फुकट सांगितलं. फुकट सांगितलेलं मोडायचं कसं? बरं दिसतं का ते?"

मुरलीधररावांना कळून चुकलं. एका माणसाला आपण चुकीच्या गाडीत बसवलं होतं, आणि तो केवळ भिडेपोटी तिकीट काढून निघाला होता.

"अधिक," ते म्हणाले, "मी काय म्हणालो ते सोडून दे. तू बोल. मी इथे बसलोय."

अधिक बोलला. आधी अडखळत, मग सरळ. गावात पाय ठेवला की लोक खुर्ची देतात, चहा आणतात, पाव्हणं कधी आलात विचारतात. आईसुद्धा त्याच्यासाठी ठेवणीतलं ताट काढते. कोइमतूरला त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. तिथला भाजीवाला त्याच्यावर उधारीसाठी ओरडतो, आणि ते त्याला बरं वाटतं. परत यायचं नाही, हे त्याला सात वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणायला मात्र तोंड उघडत नव्हतं. म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "काका, दिवा एकदाबी गेला न्हाई आज."

बावन्न मिनिटं. भट्टी विकायची राहिली.

तिसरा महिना संपताना मुरलीधररावांचे एकाहत्तर तास भरले होते. ऋता म्हणाली, या वयात अशी प्रगती तिने बघितलेली नाही.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. खरं ऐकायची सवय ही काही दुकानाचं शटर नव्हे, बाहेर उघडायचं आणि घरात ओढून घ्यायचं. मुरलीधरराव शालनताईंचंही ऐकू लागले. आणि त्यांना आढळलं की आपली बायको भलतीच मजेदार बाई आहे. देसाई वहिनींच्या मुलीचं लग्न जमता जमता कसं फिसकटलं हे सांगताना ती तिन्ही बाजूंचे आवाज काढायची. दूधवाल्याच्या मूडवरून दुधात पाणी किती ते ओळखायची आणि ते कसं, हेही सांगायची. छत्तीस वर्षं हा कार्यक्रम आपल्या घरात रोज चालू होता आणि आपण दाराशी बसून होतो, याचं त्यांना वाईट वाटे. आणि आता आत शिरायला मिळालं म्हणून इतका आनंद होई, की ते नुसतं तोंडाकडे बघत राहत. जीभ दातांत. चकार शब्द नाही.

हे त्यांनी तिला सांगायला हवं होतं. पण ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

शालनताईंच्या बाजूने हिशेब उलटा होता. बोलता बोलता त्या सवयीने हुंकाराच्या जागी थांबत. हुंकार येत नसे. पुढचं वाक्य लंगडत निघे. पहिल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याचा ताप बघितला, दुसऱ्या आठवड्यात रक्तदाब. दोन्ही ठीक. मग एकच अर्थ उरला. इतकी वर्षं निदान भीड म्हणून हं म्हणत होते, आता तेवढीही राहिली नाही. बाहेरच्या फुकट्यांना तासन् तास, आणि घरी दगड. त्या बोलणं आवरतं घेऊ लागल्या. देसाई वहिनींची गोष्ट एका वाक्यात संपू लागली.

एक दिवस सकाळी गवार मोडता मोडता त्या म्हणाल्या, "पंधरा तारखेला निघते मी. रफिकच्या गाडीला सांगून ठेवलंय."

"कुठे?"

गवारीवरचा हात थांबला. "अण्णाकडे. कुठे म्हणजे काय?"

"किती दिवस?"

"दिवस कसले? अण्णा आहे तोवर. तुम्हाला माहीत आहे ना सगळं."

मुरलीधररावांना काहीच माहीत नव्हतं. अण्णा, म्हणजे तोच थोरला भाऊ, लग्न न केलेला, जतच्या पुढे रानातल्या वस्तीवर एकटा राहायचा, एवढं ठाऊक होतं.

"संक्रांतीला तीळ भाजताना सांगितलं, अण्णा विसरायला लागलाय, चूल पेटती ठेवून रानात जातो. हं म्हणालात. शेजारच्या सुनेला त्याचं सगळं होत नाही, मला जावं लागेल म्हटलं. हं म्हणालात. तो इथे यायला तयार नाही म्हटलं, तेव्हाही. आणि शेवटी जेवताना विचारलं, मी कायमची गेले तर चालेल ना तुम्हाला?" त्यांनी एक शेंग मोडली. "तेव्हा तर दोनदा म्हणालात."

वीस लाख हुंकारांतले पाच. पण माणूस घराबाहेर पडायला तेवढे पुरले होते.

 मग मुरलीधररावांना वाटलं, आपल्याला आता ऐकता येतं. त्यांनी खोलीतून मणी आणला, कानात घातला, खुर्ची तिच्या समोर ओढली आणि शिकवल्याप्रमाणे शांत आवाजात विचारलं, "शालन, या सगळ्यात तुला स्वतःला नेमकं काय वाटतंय?"

"तो मणी काढा आधी."

"अगं, बघ तरी. हिरवा आहे. मी ऐकतोय. महिनाभर मी तुझं सगळं ऐकतोय."

"दिवा बघून ओळखायचं का मी, माझा नवरा ऐकतोय म्हणून?"

"मग काय करू? तूच सांग, तुला जावंसं वाटतं की..."

"मला कोच नकोय," शालनताई म्हणाल्या. "फुकट मिळत असला तरी. मी पाच वेळा थांबले, तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून. नको जाऊ म्हणा, खुशाल जा म्हणा, भांडा. तुम्ही आधी हं म्हणत होतात, आता दिवा लावून बसताय. माझ्यासाठी दोन्ही सारखंच."

आणि त्या गवार तशीच ठेवून आत गेल्या. छत्तीस वर्षांतलं हे पहिलं भांडण. मुरलीधररावांनी मणी काढून टेबलावर ठेवला. त्यावर त्या दिवशी चार मिनिटं पडली होती, पण कंपनीच्या नवव्या नियमाप्रमाणे घरच्या माणसांचं ऐकलेलं शंभर तासांत धरत नाहीत.

दिवसभर ते घरात फिरत राहिले. दुसऱ्याच्या मनातलं बाहेर येऊ देण्याची कला त्यांनी कष्टाने मिळवली होती. स्वतःच्या मनातलं बाहेर काढायला मात्र कुणी समोर बसत नव्हतं, आणि बसलं असतं तरी त्यांना काय सांगता आलं असतं? एकतीस वर्षं ते फक्त गाड्यांच्या वेळा बोलले होते.

दुसऱ्या दिवशी शालनताई लुगड्यांच्या घड्या करत होत्या. मुरलीधरराव दारात येऊन उभे राहिले.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

शालनताईंनी वर बघितलं नाही. "का?"

याला वेळापत्रक नव्हतं. 

"तू बोलत असायचीस तेव्हा मी ऐकत नव्हतो, हे खरंय. पण तू गप्प झालीस की मी पेपर खाली ठेवून बघायचो, कुठे गेलीस. दर वेळी. तू एवढी मजेशीर बोलतेस हे मला या महिन्यात कळलं. ते मी तुला सांगितलं नाही, कारण मध्ये बोललो तर तू थांबशील असं वाटायचं. आणि ते दूधवाल्याचं अर्धंच राहिलंय."

शालनताईंनी घडी मोडली, पुन्हा घातली.

"तरी मी जाणार."

"माहीत आहे. अण्णाला कोण आहे दुसरं. मी जाऊ नकोस म्हटलं ते, मला तसं वाटतं म्हणून. तू जायला नको म्हणून नाही." त्यांना ते नीट सांगता आलं नाही, पण पोचलं. "मी येऊ?"

"तिथे येऊन काय करणार तुम्ही? वस्तीवर नळ नाही, पेपर दुपारी येतो."

"तू काय करणार आहेस?"

शालनताई पलंगावर बसल्या. आता जे त्या बोलल्या ते कधीच बोलल्या नव्हत्या, तीळ भाजतानाही नाही. "मला भीती वाटते हो. मागच्या वेळी चार दिवस राहिले ना, तो एकच गोष्ट सांगत होता. दिवसातून वीस वेळा. जतच्या यात्रेत खोंड घेतला ती. तिसऱ्या वेळेला माझं डोकं फिरलं. मी ओरडले त्याच्यावर. अण्णावर. त्याला का ते कळलंच नाही, नुसता बघत राहिला. मी बोलणारी बाई आहे. ऐकून घ्यायचं मला जमत नाही. मी तिथे जाऊन त्याला रोज रडवणार."

मुरलीधररावांनी मणी पुढे केला. शालनताईंनी नको नको म्हणत तो कानात घातला. "बोला काहीतरी."

ते कऱ्हाड-चिपळूण मार्गावरचे थांबे क्रमाने सांगू लागले. चौथ्या थांब्याला दिवा गेला.

"किती?"

"नऊ सेकंद."

"म्हणजे मी तुमच्याहून वाईट?"

"दोन सेकंदांनी," मुरलीधरराव म्हणाले, आणि मग दोघंही पलंगावर बसून हसले, लुगडी सरकून खाली पडली तरी.

पंधरा तारखेला रफिकच्या गाडीत दोन माणसांचं सामान चढलं.

वस्तीवर अण्णाला नजरेआड करून तासभर दार लावून बसणं शक्य नव्हतं. अधिकला त्यांनी फोनवर सांगितलं की आता ठरलेल्या बैठकी जमायच्या नाहीत. अधिक म्हणाला, "असू द्या काका. अधूनमधून असाच फोन करीन. दिवा नसला तरी चालंल." बाकीचे एकोणतीस तास राहूनच गेले. मुदत संपल्यावर 'सांगाती'कडून, तुमची नोंद शून्यावर आणली आहे, असा निरोप आला. तो मुरलीधररावांनी उघडला तेव्हा तीन आठवडे जुना झाला होता.

अण्णा ऐंशीला टेकलेला, ताठ, डोक्याला पटका. बहिणीला तो कधी ओळखायचा, कधी शेजारच्या सुनेची आई समजायचा. मुरलीधररावांना मात्र रोज नव्याने "पाव्हणं" म्हणून बसवून घ्यायचा आणि गोष्ट सुरू करायचा. यल्लम्माची यात्रा. काळ्या शिंगांचा, चार दाती खोंड. दलालाने रुमालाखाली बोटं धरून भाव सांगितला तो. खोंड कसा चालत होता, पाय कसा टाकत होता. मग परतीचा रस्ता, ऊन, आणि चिंचेचं झाड. "चिंचंखाली थांबलो," असं म्हणून अण्णा थांबायचा. गोष्ट तिथेच संपते, हे सगळ्यांना माहीत होतं. ऐकणारा म्हणायचा, "हं, बरं झालं, आता जेवून घ्या." आणि थोड्या वेळाने यल्लम्माची यात्रा पुन्हा भरायची.

मुरलीधररावांनी ती पहिल्या दिवशी चौदा वेळा ऐकली. दुसऱ्या दिवशी सोळा. शालनताई स्वयंपाकघरातून बघायच्या. नवरा अंगणात बाजेवर बसलाय, मान सरळ, डोळे उघडे, तोंड बंद. कानात काही नाही. तो ऐकतोय की नाही हे ओळखायला त्यांना आता काही लागत नव्हतं. तो ऐकत असला की त्याची हनुवटी सांगणाऱ्याबरोबर अगदी किंचित पुढे सरकायची. हे त्यांना महिनाभर कसं दिसलं नव्हतं, कोण जाणे.

आठव्या की नवव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमाराला, अण्णा चिंचेखाली थांबला.

मुरलीधरराव काही बोलले नाहीत. गोष्ट संपली असं त्यांना वाटलंच नव्हतं. एवढ्या वेळा ऐकूनही त्यांचा कान पुढच्या शब्दासाठी तसाच ताणलेला होता. कोंबड्या अंगणातून पलीकडे गेल्या. एक मोटरसायकल बांधावरून गेली, तिचा आवाज पार विरला.

"थांबलो," अण्णा पुन्हा म्हणाला. त्याचा हात बाजेच्या सुंभावर फिरायला लागला. "मागं बघितलं तर पोर न्हाई."

मुरलीधररावांची हनुवटी किंचित पुढे सरकली.

"खोंडाच्या नादात पोर यात्रंत ऱ्हायली. शालन. सहा वर्साची. आता म्या घरी जाऊन आईला काय सांगू?" त्याने मुरलीधररावांकडे बघितलं. डोळ्यांत भीती होती, ताजी, आत्ताची. "पाव्हणं, तुमाला कुठं दिसली का? निळा परकर हाय."

म्हणून तो पुढे जात नव्हता. इतके दिवस, दिवसातून वीस वेळा, तो खोंडाचा कासरा धरून त्या झाडाखाली उभा होता.

शालनताई हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि अण्णाच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या, परकर पसरून बसावं तशा.

"मी आहे, अण्णा."

अण्णाने त्यांच्याकडे निरखून बघितलं. पांढरे केस, चष्मा. तो त्यांच्यापलीकडे कुठेतरी बघत होता.

"कुठं हुतीस गं?"

"बांगडीवालीपाशी," शालनताई म्हणाल्या. "तिथेच बसले होते. तू येणार हे मला माहीत होतं. तिच्याकडे लाखेच्या होत्या, हिरव्या, आणि एक काचेचा जोड होता जांभळा. मी तिला सगळं सांगितलं, आमचा अण्णा खोंड घ्यायला आलाय, आमची म्हैस लाथ मारते, आई मला दुपारी झोपायला लावते. ती म्हणाली, किती बोलतीस गं. मग तू आलास. खोंडासकट आलास परत. मला काही रागावला नाहीस..."

हे सगळं शालनताईंना खरंच आठवत होतं की आत्ता सुचत होतं, मुरलीधररावांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. त्या बोलत राहिल्या, बांगडीवालीचा आवाज काढून, म्हशीचा काढून, आणि अण्णा ऐकत राहिला. मधेच त्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

आता बऱ्याच वेळा गोष्ट चिंचेखाली थांबत नाही. अण्णा स्वतःच म्हणतो, पोर बांगडीवालीपाशी हुती, आणि खोंड, पोर, असं सगळं घेऊन घरापर्यंत येतो. एखाद्या दिवशी येत नाही. त्या दिवशी मुरलीधरराव तिथेच बसून राहतात, आणि शालनताई हातातलं काम ठेवून उठतात.